मोटेवर चढलेलं इंजिन

मोटारीचं इंजिन आम्ही बैलांकडून उचलून घेतलं, असं मी सांगायला लागले की माझी नातवंडं एकमेकांकडं बघून गालात हसतात. आजीचं वय झालं, असं त्या हसण्यात असतं. हसू दे बापडी. त्यांनी मोट पाहिलेली नाही आणि आमच्या आईलाही पाहिलेलं नाही. मी त्या दोघींच्या आवाजावर लहानाची मोठी झाले. सकाळी विहिरीवर चाकाची कुईकुई सुरू व्हायची, तिच्यामागोमाग आईच्या डेऱ्यात रवीची घुसळण, मग भाकरी थापण्याची थपथप. एवढं कानावर आलं की मी अंथरुणातून उठायची. आज घरात मिक्सर ओरडतो, टीव्ही ओरडतो, पण त्यातला एकही आवाज मला उठ म्हणत नाही.

पिंपळीच्या पुढं, बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेलाच आमचा मळा. वांगी, घेवडा, मिरची, पेरूची थोडी झाडं, आणि रस्त्याच्या अंगाला लिंबोणीची एक ओळ. कालवा जवळच होता, पण त्याचं पाणी पाळीनं यायचं, आणि आपली पाळी कधी म्हणून विचारायला गेलं की उद्या या म्हणायचे. भाजी काही उद्यापर्यंत थांबत नाही. म्हणून विहीर आणि मोट. ज्यांनी मोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या काठावर लाकडी चाक असतं. त्यावरून एक जाड दोर जातो, त्याला नाडा म्हणायचं. नाड्याच्या एका टोकाला मोट, म्हणजे पाण्याची भलीमोठी लोखंडी बादली, आणि दुसऱ्या टोकाला बैल. विहिरीपासून निघालेल्या उताराला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालत गेले की मोट वर येते आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात भसकन पाणी ओतते. तो आवाज झाला की बैल उलट्या पावली धाव चढतात, आणि मोट पुन्हा विहिरीत उतरते. आमची हरण्या आणि चित्र्या ही जोडी यात इतकी मुरलेली होती की हाकणारा डुलकी काढत असला तरी त्यांचं अडायचं नाही.

दादा माझ्याहून बराच मोठा. मी नाक पुसायला शिकले नव्हते तेव्हा तो कुणाला न सांगता फौजेत निघून गेला. गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत होता. सुट्टीवर यायचा तो वळवाच्या सरीसारखा, आला आला म्हणेपर्यंत गेलेला. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तो फौज सोडून कायमचा परत आला. सोबत एक लोखंडी ट्रंक, हत्यारांची जड पेटी आणि निम्मी हिंदी झालेली मराठी. त्याला रस्त्याकडेला छप्पर टाकून मोटारी दुरुस्त करायच्या होत्या. आमच्या वडिलांना, आबांना, ते मान्य नव्हतं. "लिंबोणी तोडून तितं लोखंड पेरायचं व्हय?" एवढंच ते म्हणायचे आणि गप्प व्हायचे. पोरगा न सांगता गेला हे त्यांनी कधीच गिळलं नव्हतं, पण ते बोलून दाखवतील तर आबा कसले. तिकडं मुंबईच्या एका कारखान्यातून दादाला बोलावणं आलेलं होतं. पौष सरला की हजर व्हायचं होतं. आई कुणाला काही विचारत नव्हती. फक्त रोज कॅलेंडरासमोरून जाताना तिचा पाय अडखळायचा. मी सातवी पास होऊन घरी बसलेली, त्यामुळं हे सगळं बघायला मला भरपूर वेळ होता.

अशात एक दिवस आमच्या लिंबोणीसमोर ती गाडी येऊन आचके द्यायला लागली. तांबडीलाल, बुटकी, दोनच माणसांपुरती आणि डोक्यावर टप नाही. शर्यतीची गाडी. कुणी गोरा साहेब देश सोडून जाताना विकून गेला होता आणि इंदापूरच्या एका वकीलसाहेबांनी ती हौसेनं घेतली होती. डोळ्यांवर मोठा चष्मा लावून ते ती हाकायचे आणि रस्त्याकडेच्या कोंबड्या जीव घेऊन पळायच्या. त्या दिवशी मागून निळा धूर येत होता आणि पोटातून कुणी हातोडी मारावी तशी ठकठक. दादा बांधावरून उडी मारून रस्त्यावर गेला, मी त्याच्या मागं. त्यानं झाकण उघडलं, कान लावला, आणि तो इतका खुलला की त्याच्या तोंडावर तसा आनंद मी तोवर पाहिला नव्हता.

"इंजिन खोलावं लागंल, साहेब," तो म्हणाला. "आतली बेअरिंगं गेल्यात. रिंगाबी गेल्यात. वरवरचं काम न्हाय हे, आख्खं इंजिन भायेर काढाय पायजे."

"म्हणजे पुण्याला ओढत न्यायची?"

"कशाला? हितंच काढतो की."

"इथं?" वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून वांग्यांकडं पाहिलं. "कशानं काढणार?"

"काढतो म्हनलं ना," दादा म्हणाला. कशानं ते त्यालाही माहीत नव्हतं, हे मी त्याच्या मानेवरून ओळखलं.

बैल जुंपून गाडी मळ्यात आणली. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत असा बेत होता. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटाकडं बघतच बोलले, "दत्तू, ही गाडी इंदापूरला जाऊन आपल्या पायानं म्हागारी आली, तर ती लिंबोणी मी माझ्या हातानं तोडतो. टाक तुझं छप्पर. पर बैल धाडून ओढून आनायची येळ आली, तर गप मुंबईची वाट धरायची. मग ह्या घरात मोटारीचं नाव न्हाय." जरा थांबून पुढं म्हणाले, "आनि त्या लोखंडाला माझा हात लागायचा न्हाय. तुझं तू बघ."

"चालंल," दादा म्हणाला.

चुलीवरची भाकरी करपली. आईला कळलंच नाही. दुपारपर्यंत ती त्या गाडीला अवदसा, धुराडं, काय वाट्टेल ते म्हणत होती. त्या रात्रीपासून ती तिला 'तांबडी' म्हणायला लागली, गाईला म्हणावं तशी. आमच्या घरात तांबडीच्या बाजूनं आता तिघं झाले होते.

इंजिन उचलायची अक्कल मोटेवरूनच आली. मोट हाकणारे तात्या, आबांचे थोरले चुलतभाऊ, चिलीम ओढत बसले होते. दादानं विचारलं, "तात्या, भरली मोट उचलाय बैलांस्नी जड जातं का वं?" तात्या म्हणाले, "जड गेलं असतं तर मला सांगितलं असतं की त्यांनी." दादाचा हिशोब असा, की इंजिन काही भरल्या मोटेहून जड नाही. आमची विहीर दोन मोटांची, पण एकच मोट चालायची, त्यामुळं एक चाक रिकामं होतं. ते काढून त्यानं विहिरीशेजारच्या चिंचेच्या जाड फांदीला साखळीनं आवळलं. मोट सोडून ठेवली आणि नाडा घेतला बैलांपासून मोटेच्या चाकावर, तिथून चिंचेवरच्या चाकावर, आणि तिथून खाली चिंचेखाली उभ्या केलेल्या गाडीत. मग दादानं नट-बोल्ट सोडले, नळ्या सोडल्या, इंजिनाला नाडा गुंडाळला आणि हात वर केला. तात्यांनी बैल धावेवर घातले. चाकं कुईकुई करायला लागली आणि त्या तांबड्या गाडीच्या पोटातून काळं, तेलकट, हे एवढं धूड असं अलगद वर आलं की मी टाळी वाजवली. आई तेव्हा घरी नव्हती. तिच्यानं बघवणार नव्हतं म्हणून लिंबं घेऊन मुद्दाम बारामतीच्या बाजाराला गेली होती.

गाडी ढकलून बाजूला घेतली. आता इंजिन खाली उतरवायचं, म्हणजे बैलांनी मागं यायचं. तर बैल येईनात! धावेच्या तळाशी जाऊन दोघं उभे. तात्यांनी चुचकारलं, शिव्या दिल्या, शेपट्या पिळल्या. हरण्या फक्त मान वळवून विहिरीकडं बघायचा. मग तात्याच एकदम हसायला लागले. "आरं, पानी पडल्याबिगर ते कशाला मागं येत्यात! कुसे, थारोळ्यात घागर वत!" मी भरलेली घागर थारोळ्यात उपडी केली. भस्सकन आवाज झाला, आणि बैल शहाण्यासारखे उलट्या पावली धाव चढायला लागले. इंजिन खाली आडव्या टाकलेल्या जुन्या दारावर येऊन टेकलं. दादा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. बांधावर आबा विळा घेऊन पाठमोरे उभे होते. त्यांचे खांदे हलत होते, पण विचारलं असतं तर त्यांनी खोकला आला म्हणून सांगितलं असतं.

पुढचे दिवस इंजिनाचा मुक्काम गोठ्यात. एका बाजूला गाय, एका बाजूला वासरू आणि मध्ये दारावर ते. मला ते दिवस फार आवडले. दादा एकेक भाग काढून द्यायचा, मी रॉकेलमध्ये धुवायची आणि वांग्यांच्या पाट्यांत भाताचं काड घालून क्रमानं मांडायची. हा क्रम चुकला तर सगळंच चुकलं, असं त्यानं बजावलेलं. कोणती पाटी कुठली हे मला झोपेतही सांगता आलं असतं. गावातली माणसं काहीतरी निमित्त काढून यायची, पाट्यांमधून डोकावायची आणि "ह्ये परत बसंल का?" असं विचारून जायची. आई उत्तर द्यायची, "न बसाय काय झालं? काढलंय त्यानंच." पण ती माणसं गेली की माझ्याकडं बघून हळूच विचारायची, "बसंल न्हवं गं?"

दादा पुण्याहून नव्या रिंगा आणि बेअरिंगं घेऊन आला. मग आले व्हॉल्व्ह. त्यांची तोंडं आपापल्या जागेवर अगदी घट्ट बसावी लागतात, नाहीतर ताकद निसटते. त्यासाठी मधे बारीक वाळूच्या चटणीसारखं काहीतरी लावायचं आणि रबरी टोपीची काठी व्हॉल्व्हला चिकटवून ती दोन्ही तळहातांत घोळवायची. पुढं, मागं, पुढं, मागं. हे काम दादानं माझ्याकडं दिलं. मी दात-ओठ खाऊन घासत होते. आई दारात उभी राहून बघत होती. बघता बघता तिचा जीव कासावीस व्हायला लागला.

"अगं, अशी जीव काढल्यावानी काय घुसळतीस? लोनी यायचं न्हाय असं."

"लोणी कुठं काढायचंय, आई?"

"काय का असंना. मनगट सैल सोड. सर तिकडं."

आणि ती बसली. लुगडं खोचून, पाय पसरून, रोज डेऱ्यापुढं बसायची तशी. तिच्या तळव्यांत ती काठी अशी फिरायला लागली की एकसारखा खस् खस् आवाज, कुठं अडखळणं नाही. दुसऱ्या दिवशी ताक करायच्या आधी ती आपणहून गोठ्यात आली. सगळे व्हॉल्व्ह आम्ही दोघींनी मिळून केले, खरं सांगायचं तर जास्त तिनंच. दादानं वरून रॉकेल ओतून पाहिलं. खाली एक थेंब गळला नाही. तो नुसता तिच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता रडतो की काय. पण फौजेतली माणसं लवकर रडत नाहीत. त्यानं काड उचलून उगाच दुसऱ्या पाटीत टाकलं.

एका सकाळी इंजिन पुन्हा गाडीत घालायचं ठरलं. सगळं पहिल्यासारखंच. नाडा दोन चाकांवरून घेतलेला, तात्या बैलांपाशी, इंजिन वर टांगलेलं. गाडी त्याखाली ढकलून चाकांना दगड लावले. पण इंजिन घालणं हे काढण्याहून अवघड. त्याच्या मागचा दांडा पुढून बरोबर गिअरच्या तोंडात शिरला पाहिजे. त्यासाठी दादा गाडीच्या पोकळीत वाकून, दोन्ही हात खाली घालून, नेम धरत होता. इंजिन झोके घेऊ नये म्हणून मी दुसऱ्या बाजूनं त्याला दोन्ही हातांनी धरून उभी. दादानं हाक दिली की मगच तात्या थारोळ्यात घागर ओतायला सांगणार, आणि त्यासाठी शेजारच्या मळ्यातल्या एका बाईला घागर घेऊन उभं केलेलं. ती थंडीनं काकडत, पदर लपेटून उभी होती आणि दादाच्या हाकेची वाट बघत होती.

आणि आई आली. हातात भाकरतुकडा आणि कळशी. नवी सून, नवी गाय, नवी बैलगाडी, काहीही दारात आलं की भाकरतुकडा आणि पाणी ओवाळायचं, ही आमच्याकडची रीत. तांबडीच्या पोटात आज तिचं काळीज परत जाणार होतं, तर तिला ओवाळायला नको? एवढ्या मोठ्या धुडाला तांब्या कसा पुरेल, म्हणून तिनं कळशी आणली होती. तिनं तुकडा ओवाळून टाकला. मग कळशी ओवाळली. ओवाळलेलं पाणी कुणी ओलांडू नये, म्हणून ते वाटेवर कधी टाकत नाहीत. आईनं इकडं तिकडं बघितलं. धावेवर तात्या, बांधावर आबा, झाडाखाली गाडी आणि आम्ही. कुणाचा पाय पडणार नाही अशी एकच जागा होती. थारोळं. बैल पाण्याच्या आवाजावर मागं येतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी ती बाजारात होती, आणि इतक्या हसण्याच्या गोष्टी आम्ही तिला सांगितल्या, ही एक तेवढी राहून गेली होती.

भस्सकन आवाज झाला. मी ओरडले की नाही, आठवत नाही. बैल मागं निघाले. वरून इंजिनाचा भार ओढत होता, त्यामुळं ते नेहमीहून जोरात मागं आले. तात्यांनी घाबरून कासरा ओढला, आणि कासरा ओढला की बैल आणखी मागंच येतात. इंजिन माझ्या हातांतून खाली निसटलं. दादाचा आवाज आला, शब्द नाही, नुसता आवाज. त्याचा डावा हात खाली अडकला होता.

आणि मग आबा दिसले. बांधावरून ते कसे आले मला दिसलं नाही. ते बैलांकडं गेले नाहीत, गाडीकडंही नाहीत. ते धावले ते सरळ ताणलेल्या नाड्याकडं, आणि उडी मारून त्याच्यावर बसले. मोट हाकणारा धाव उतरताना तसाच नाड्यावर बसतो, म्हणजे त्याच्या वजनानं मोट वर येते. आबांनी उभं आयुष्य तेच केलं होतं. नाडा वाकला, चाकं किंचाळली आणि इंजिन वीतभर वर उचललं गेलं. "हरण्याऽऽ! चल फुडं! चित्र्याऽऽ!" त्या आवाजाबरोबर बैलांनी पाय रोवले आणि एक पाऊल पुढं टाकलं. दादानं हात बाहेर काढला.

"बोटं हालव!" आबा नाड्यावरूनच ओरडले. "दत्तू, बोटं हालव!"

दादानं हात वर धरला. मनगटाजवळ सालटं गेलं होतं, रक्त होतं. पण पाचही बोटं हलली. एकेक करून. तो हात गेला असता तर छप्पर नाही आणि मुंबईही नाही. इतक्या वर्षांनीही ती बोटं हलताना आठवली की मी एक लांब श्वास सोडते, जणू अजून तो सोडायचा राहिलाय.

आई कळशी धरून तिथंच मटकन बसली होती. दादा गाडीतून उतरला, हाताला धोतराची चिंधी गुंडाळली, तिच्यापुढं उकिडवा बसला. "आई, हात हाय न्हवं? बघ की. हाय." तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि एकेक बोट चाचपलं. मग म्हणाली, "मी टाकलं का रं?" दादा म्हणाला, "तू कुठं? बैलांनी टाकलं. बैल लई शाने निघाले." ती रडायला लागली, आणि रडू फुटलं ते बरं झालं.

नाडा अजून ताणलेलाच होता आणि आबा त्यावरच बसून होते. "आता कसं करायचं, सांग," ते म्हणाले. दादानं त्यांच्याकडं पाहिलं. त्या लोखंडाला हात लावणार नाही म्हणाले होते, आणि हात त्यांनी लावला नव्हताच. दादा पुन्हा गाडीत वाकला. आबा नाड्यावरून उतरून बैलांच्या कानांशी गेले. पाणी नाही, कासरा नाही, नुसत्या आवाजावर त्यांनी जोडी एकेक खूर मागं घेतली.

"किती ऱ्हायलं?"

"चार बोटं."

"आता?"

"दोन. जरा थांबा. हां, येऊ द्या."

"आलं?"

"बसलं, आबा. बसलं!"

त्या बापलेकांचं इतकं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सगळ्या नळ्या, तारा जोडून झाल्यावर दादानं मला गाडीत बसवलं. पायाखालची पट्टी हळूच दाबून धरायची, एवढं माझं काम. तो पुढं हँडल मारत होता, उजव्या हातानं. एकदा, दोनदा, नुसताच सुस्कारा. मग एक ठिणगी पडल्यासारखं झालं आणि गाडी माझ्या खाली जिवंत झाली. मला अजून तळपायाला ते कळतं. कोंबड्या पळाल्या, वासरानं दावं तोडलं, आणि मी पाय काढायचा विसरून जोरात ओरडत राहिले. ठकठक नव्हती. पण अट इंदापूरची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा न्याहारी करून निघाला. पिठलं-भाकरी आणि गुळाचा खडा. आईनं खडा त्याच्या हातावर ठेवला, पाण्याच्या तांब्याला मात्र तिनं हात लावला नाही. गाडी धूळ उडवत इंदापूरच्या अंगाला गेली. आबांनी त्या दिवशी मोट जुंपली नाही. बैलांना दाव्याला बांधून वैरण टाकली आणि स्वतः रस्त्याकडेला मिरच्या खुडायला बसले. त्या मिरच्या आदल्याच दिवशी खुडून झाल्या होत्या. मोटेचं चाक बंद, आईनं ताकही केलं नाही. रस्त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून आख्खं घर गप्प बसलं होतं. एस.टी. गेली, उसाच्या गाड्या गेल्या. सूर्य डोक्यावरून कलला. आई दर थोड्या वेळानं विचारायची, "किती लांब असतंय गं इंदापूर?" आणि मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायची, कारण मला माहीत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "तात्यांस्नी बैल सोडा म्हनावं. जाऊन बघू द्या." आबा मिरच्यांतून उठलेच नाहीत. "बसा गप," म्हणाले. "अजून दीस हाय."

आवाज आधी आबांनी ऐकला. ते उभे राहिले. मग मीही ऐकला, कालव्याच्या पुलाकडून, एकसारखा, अखंड, कुठं अडखळणं नाही. आईनं माझं मनगट धरलं होतं, तिथं नंतर वळ उठला. गाडी लिंबोणीसमोर थांबली. हाकत होता दादा, शेजारी वकीलसाहेब, त्यांच्या डोळ्यांवर तो मोठा चष्मा आणि त्याखाली लहान पोरासारखं तोंड. "अहो, नवी असतानाही अशी पळत नव्हती!" ते आबांना म्हणाले. आबांनी हात जोडले. मग त्यांनी गाडीकडं न बघता लिंबोणीच्या एका झाडाच्या बुंध्यावर थाप मारली आणि तात्यांना सांगितलं, "सकाळी कुऱ्हाड परजून ठेवा." बस्स, एवढंच. वकीलसाहेब आपली तांबडी घेऊन गेले. मला इतकं हलकं वाटलं की मी पेरूच्या झाडावर चढून बसले. लग्नाला आलेली मुलगी, पण त्या दिवशी मला कुणी उतर म्हणालं नाही.

संध्याकाळी मी चुलीपाशी होते. आई दूध काढायला कासंडी घ्यायला गेली, ती पितळी, तिच्या आईनं दिलेली. कासंडीत रॉकेल होतं. आणि त्यात, काळ्या तेलात, दादाचे पान्हे बुडवून ठेवलेले होते.

"दत्त्याऽऽ!"

सारा मळा दचकला. "आरं मुडद्या, कासंडीत रॉकेल वतलंस व्हय रं? दुधाची कासंडी ही! डोळं फुटलं हुतं का? फौजेत हेच शिकवलं का तुला? आन् ह्या दोरीवरच्या लुगड्याला हात कुनी पुसले? हे काळं कशानं निघनार आता, तुझ्या त्या इंजिनानं? बारक्या पोरागत सगळं मीच सांगायचं का?" ती थांबेचना. दादा विहिरीवरून हात ओले घेऊन आला आणि मान खाली घालून उभा राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या एकदम ध्यानात आलं, तो परत आल्यापासून आई त्याला एकदाही रागावली नव्हती. दोन महिने ती त्याला वाढताना "घे की थोडं" म्हणत होती, पाहुण्याला म्हणावं तसं. उद्या निघून जाणाऱ्यावर कोण ओरडतं?

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. आई बोलतच होती.

ओसरीवर आबा बसले होते. त्यांनी पाय लांब केले, भिंतीला डोकं टेकवलं आणि मला म्हणाले, "कुसे, तुझा भाऊ घरी आला गं."